रुमाल टाकून ठेव

रुमाल टाकून ठेव, एवढंच मी म्हटलं होतं. त्यात माझं काय चुकलं, ते अजून मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

मी साताऱ्याच्या एसटी स्टँडजवळ वाढले. गाडी लागली की दाराशी ही झुंबड, आणि शहाणा माणूस त्या दाराकडे जातच नाही. तो खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो आणि सावकाश मागून चढतो. आतलं कुणी त्या रुमालाला हात लावत नाही. बेत बदलला, जायचं रद्द झालं, तर रुमाल उचलायचा आणि खाली उतरायचं. कुणाचं काही अडत नाही. जागा धरून ठेवणं ही लबाडी नव्हे, हे मला बाराखडी यायच्या आधीपासून माहीत आहे. माझ्या लेकीला ते कॉलेजात गेल्यावर समजावून सांगावं लागलं. तेही जपानात, जिथे माणसं कॉफीच्या दुकानात टेबलावर मोबाइल ठेवून खुशाल रांगेत जाऊन उभी राहतात.

लेक म्हणजे अबोली. त्सुकुबाला इंजिनिअरिंग शिकते, तिथेच खोली घेऊन राहते. आम्ही दोघं टोकियोत, तोयोसुला. नवरा, रणजित, एका बँकेच्या कॉम्प्युटरच्या कामावर. मी जवळच्या पाळणाघरात. अबोली शनिवारी यायची, जेवायची, झोपायची, रविवारी माझ्याकडून पोळ्या बांधून घेऊन परत जायची. फार बोलत नाही. मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते, आणि वाद घालायचा असला की इंग्रजीत.

तिला शिकायचे होते पूर. पाणी किती चढेल याचं गणित तर होतंच, पण पाणी चढताना दिसत असूनही माणसं घर सोडून का निघत नाहीत, हे तिला शोधायचं होतं. म्हणजे अर्धं इंजिनिअरिंग आणि अर्धा माणसांचा अभ्यास. तिच्या विद्यापीठात एकदा खातं धरलं की धरलं, दुसऱ्या खात्याच्या वर्गात डोकावायची सोय नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं एक लहानसं कॉलेज हे दोन्ही एकत्र शिकवतं, असं तिने पहिल्या वर्षीच हुडकून काढलं आणि तिसऱ्या वर्षापासून तिथे जायचं मनाशी पक्कं केलं. जोडीला आणखी दोन कॉलेजांत अर्ज. अशी नामांकित कॉलेजं मधल्या वर्षात मुळात मोजकीच मुलं घेतात, त्यात परदेशातली तर चुकून एखाद-दुसरं. हे तिला माहीत होतं. मलाही तिने सांगितलं होतं. पण आईच्या कानाला असलं काही ऐकू येत नाही.

त्या अर्जांनी आमचा जीव खाल्ला. जपानात चालू कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात जाणं ही गोष्टच कुणाच्या डोक्यात नसते. विद्यापीठाच्या ऑफिसातल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं की कुणी त्रास देतंय का. अमेरिकेचा फॉर्म म्हणतो, चालू सत्राचे मार्क प्राध्यापकांकडून भरून आणा; इथले प्राध्यापक म्हणतात, सत्र संपल्याशिवाय मार्क नसतात आणि सत्र संपलं की नवं वर्ष एप्रिलमध्ये. ऑफिस म्हणतं, यापूर्वी असं कुणी मागितलेलं नाही. यापूर्वी कुणी मागितलं नाही म्हणून आताही द्यायचं नाही, हा कुठला न्याय? पण अबोली चिडली नाही. वाकून आभार मानायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. शिकलेल्या प्रत्येक विषयाची माहिती तिने स्वतः बसून इंग्रजीत केली. हायस्कूलमधले तिला ओळखणारे सर बदलून दुसऱ्या गावी गेले होते, शिफारसपत्रासाठी तिथपर्यंत जाऊन आली. रणजितने मदत म्हणून एक एक्सेल करून दिलं, रंगीत. माझी मदत म्हणजे पोळ्या आणि तोंडाची टकळी.

डिसेंबरात खरी गोष्ट सुरू झाली. तिच्या खात्यात तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला एकेका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत जागा मिळते, आणि पुढची दोन वर्षं तेच तुमचं घर. पुराच्या वेळी गावं कशी रिकामी करायची, यावर काम करणारे होसाका सेन्सेई, म्हणजे होसाका सर, तिथे होते. अमेरिका नाही तर त्याच्या सगळ्यात जवळचं ते. जागा थोड्या, पण अबोलीचे मार्क असे की नाव टाकलं असतं तर जागा तिचीच.

तिने नाव टाकलंच नाही. कारण काय, तर ऑगस्टमध्ये अमेरिकेला जावं लागलं तर सेन्सेईंचं काम अर्ध्यावर लटकेल, आणि जो मुलगा राहणार होता त्याची जागा आपण खाल्ली असं होईल. मेइवाकु होईल, म्हणाली. मेइवाकु म्हणजे आपल्यापायी दुसऱ्याला होणारा त्रास. या देशात चोरी परवडली, पण मेइवाकु नको. माझं डोकं फिरलं. अगं बाई, अमेरिकेचं अजून कशात काही नाही, आणि तू हातातलं सोडून मोकळी? आधी रुमाल टाक, पुढचं पुढे. रणजित म्हणाला, बघू. रणजित कायम बघू म्हणतो, त्याला ऑफिसात त्याचाच पगार मिळतो. अबोलीने दोघांचंही ऐकून घेतलं आणि सोमवारी होसाका सेन्सेईंना जाऊन खरं काय ते सांगून आली. त्यांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि जागा तिच्या मैत्रिणीला, नात्सुमीला, दिली. नात्सुमी आभार मानायला केक घेऊन आली. तो केक आम्ही खाल्ला.

ही मुलगी लहानपणापासून अशीच. रणजितची कामं बदलत गेली तसे आम्ही फिरलो, पुण्याहून योकोहामा, तिथून ओसाका, मग टोकियो. योकोहामाच्या शाळेत असताना, महिन्याने इथून जायचंय असं तिला सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन. अबोलीने बुटांच्या कप्प्यावरची स्वतःच्या नावाची चिठ्ठी खरवडून काढली होती आणि बूट पिशवीत घालून वर्गात घेऊन बसली होती. कप्पा दुसऱ्याला लागेल ना, म्हणाली. गणपतीत मराठी मंडळी जमली की हा किस्सा मी रंगवून सांगायची. सगळे पोट धरून हसायचे.

मेमध्ये एका आठवड्यात तिन्ही कॉलेजांचे निकाल आले. दोन ठिकाणी नकार. तिसरीकडे, जिथे जीव अडकला होता तिथे, हो नाही आणि नाहीही नाही. प्रतीक्षा यादी. कुणी मागे हटलं तर तुमचा विचार करू. मी रणजितला म्हटलं, बघ, त्यांनी हिच्यावर रुमाल टाकून ठेवलाय. त्यांना नाही कुणाच्या मेइवाकुची काळजी. रणजित चहा पीत होता. तो पीतच राहिला.

अबोली रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. वरणभात जेवली, ताट धुतलं, पुसून जागेवर ठेवलं. त्यानंतरच्या शनिवारीही तसंच. पुराबद्दल बोलायची ती बंद झाली. टीव्हीवर कुठे नदी फुगल्याची बातमी लागली की पूर्वी जेवण सोडून उठायची, आता रिमोट शोधायची. मलाही काही वाटेनासं झालं होतं. पाळणाघरात मुलांची तोंडं पुसायची, दुपारी त्यांना निजवायचं, घरी येऊन कुकर लावायचा. दिवसभरात मेल बघायची आठवणसुद्धा राहत नव्हती. आधी वाटलं, बरं झालं, मन सावरलं. मन सावरलं नव्हतं, मुकाट बसलं होतं.

मग विद्यापीठातून तिला बोलावणं आलं. जूनच्या आत कुठल्यातरी प्रयोगशाळेत नाव लागलं नाही तर वर्ष वाया. रिकामी जागा एकाच ठिकाणी, मियागावा सेन्सेईंकडे. जमिनीखालचे जुने गटारांचे बोगदे कुठे चिरलेत, कुठे खचलेत, हे ते आत शिरून तपासतात. पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार. त्यांच्याकडे दोन वर्षांत एकही विद्यार्थी गेला नव्हता. कोण जाणार गटारात?

अबोली घुटमळत होती. अमेरिकेचं अजून टांगलेलं, मग नाव कसं लावायचं, हेच पुन्हा. या वेळी मी तिला सोडलं नाही. पोळपाट बाजूला ठेवला आणि समोर जाऊन बसले.

"रुमाल टाकून ठेव, अबोली. अमेरिकेचं बोलावणं आलं तर उचल आणि जा. आणि हे त्यांना आधी सांगायची गरज नाही."

तिने मान वर केली.

"नक्की?"

"नक्की."

"बरं," म्हणाली. मराठीत म्हणाली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

जूनच्या शेवटी मी अकिहाबाराहून गाडी पकडून तिच्याकडे गेले. आंब्याचे डबे मिळाले होते, रस करून नेला होता. म्हटलं, बघू तरी हे गटारवाले सेन्सेई. प्रयोगशाळा म्हणजे एका जुन्या इमारतीतली तळमजल्यावरची खोली, दोऱ्या, शिड्या, कंदील आणि चिखलाचा वास. सेन्सेई बुटके, हसरे, कानाने थोडे अधू. मला पाहून इतक्या वेळा वाकले की मीच अवघडले. दारापाशी सपाता ठेवायचं फडताळ होतं. खालच्या कप्प्यांवर पूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या नावांचे फाटके तुकडे, आणि वरच्या कप्प्यावर कोरी पांढरी पट्टी. त्यावर जपानी अक्षरांत लिहिलेलं, अबोली.

सेन्सेईंनी कपाटातून एक हेल्मेट काढलं. पिवळं, लहान. त्यांच्याकडची सगळी हेल्मेटं हिच्या डोक्यावर डुगडुगत होती, म्हणून कारखान्याला कळवून लहान मापाचं करून घेतलं होतं. पुढे तिचं नाव. ते सांगत होते की तोने नदीकाठच्या एका गावाखालचा बोगदा त्यांना वादळांच्या दिवसांआधी तपासायचाय. पण नियम असा की एक माणूस आत गेला तर दुसरा तोंडाशी दोरी धरून हवा, एकट्याला परवानगी नाही. दोन वर्षं तो बोगदा तसाच राहिला होता. आता ऑगस्टमध्ये जाऊ. अबोली-सान आल्या म्हणून, म्हणाले.

पाळणाघरात प्रत्येक मुलाच्या खुंटीवर नाव मीच चिकटवते. ती पट्टी लागली म्हणजे काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. आईचा हात न सोडणारं पोर नाव दिसलं की आपणहून दप्तर अडकवतं. मला तिथे काहीतरी टोचलं, नाही असं नाही. मी अबोलीकडे पाहिलं. ती हेल्मेटचा पट्टा ओढून बघत होती. मी सेन्सेईंना आमरस वाढला, त्यांनी पुढे केलेले तांदळाचे कुरकुरीत वडे खाल्ले, मुलीकडे लक्ष असू द्या म्हटलं आणि घरी आले.

अमेरिकेचं पत्र जुलैत आलं. एक जागा मोकळी झाली आहे, ती आम्ही तुम्हाला देऊ इच्छितो, आठवड्याच्या आत कळवा.

तिने ते आम्हा दोघांना नुसतं पुढे पाठवलं होतं, वर एक अक्षरही न लिहिता. रणजितने ते ऑफिसात वाचलं आणि तो चक्क सुट्टी टाकून घरी आला. लग्नापासून मी या माणसाला धावताना पाहिलं नव्हतं, तो स्टेशनवरून धावत आला होता. व्हिसाची तारीख मिळेल का, विमान कुठलं, थंडीचे कपडे तिथेच घ्यायचे की इथून न्यायचे, सगळं एकदम. मी फोन केला. अबोली म्हणाली, हो, वाचलं, शनिवारी येते. आवाज नेहमीचाच. मला वाटलं, पोरगी इतके दिवस दाबून बसलीय, घरी आली की फुटेल. मी खोबऱ्याच्या करंज्या करायला घेतल्या, भर उन्हाळ्यात. घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तरी मला आनंद असा होत नव्हता. करंज्या केल्या की होईल, असं वाटत होतं.

शनिवारी ती आली. हातपाय धुतले, पानावर बसली. रणजित व्हिसाबद्दल सांगत होता, ती मान हलवत होती. तिने जेवण पूर्ण केलं, ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. मग अगदी सहज सांगितलं की तिने उत्तर पाठवलंय. नाही म्हणून.

रणजित उठून बाल्कनीत गेला. काचेचं दार त्याने मागून सावकाश लावून घेतलं.

माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. सेन्सेईंना सांगायचं होतंस, म्हटलं. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी तुला अडवलं नसतं. अबोली म्हणाली, नसतंच अडवलं, जा म्हणाले असते, हसत म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाही.

"अगं, पण आपण रुमालच तर टाकला होता ना?"

"तू टाकला होतास, आई," ती म्हणाली. "मी बसले होते."

शब्दांत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, भांडणात मी हरत नाही. थोड्या वेळाने तिने आपणहून आणखी एक सांगितलं, या वेळी इंग्रजीत. ते पत्र उघडलं तेव्हा तिला काहीच झालं नाही. पुन्हा वाचलं, तरी नाही. डिसेंबरात आलं असतं, मेमध्ये आलं असतं, तर ती नाचली असती. आता तिथे हात लावला तरी कळत नाही, म्हणाली. मग एकच जागा राहते जिथे आपल्याला कुणीतरी धरून बसलंय, तिथे जायचं. मी करंज्यांचा डबा पुढे केला. तिने एक घेतली. चांगली झालीय म्हणाली. रविवारी उरलेल्या करंज्या सेन्सेईंसाठी घेऊन गेली.

रणजितने मला बोल लावला नाही. बघू, एवढंसुद्धा म्हणाला नाही. आम्ही सोमवारी आपापल्या कामाला गेलो.

जुलैच्या अखेरीला पाळणाघरातली एक मुलगी सोडून जायची होती, वडिलांची बदली नागोयाला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आई येऊन तिला घेऊन गेली. मुलगी गेली की खुंटीवरचं नाव काढायचं काम माझंच. मी नख घालून पट्टी सोलली. वरचा कागद सुटून आला आणि खाली गोंदाचा पांढरा थर राहिला. तो काही जाईना. ओलं फडकं घेतलं, घासलं. मग खालीच बसले तिथे, त्या लहान लहान खुंट्यांच्या खाली.

आमच्या मुलीने आजवर प्रत्येक ठिकाणचं नाव स्वतःच्या हाताने खरवडून काढलं होतं. दर वेळी आधीच, कुणी सांगायच्या आत, आणि आम्ही ते चारचौघांत हसून सांगत आलो. या एका ठिकाणी तिने ते राहू दिलं. तेही मी सांगितलं म्हणून.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंनी दारातून विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का? काही नाही, म्हटलं, गोंद निघत नाहीये. त्या गरम पाणी आणायला गेल्या.